दलित साहित्यातील भूक आणि धान्याचा भाव

दलित आत्मकथनांतील भुकेविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. १९७८ साली ‘बलुतं’ आले, त्यामागोमाग ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके आली, आणि भूक हा शब्द समीक्षेच्या परिभाषेतच जाऊन बसला. दाहक, विदारक, अंतर्मुख करणारी अशी विशेषणे तिला लागली. पण ही भूक वर्षाच्या कोणत्या महिन्यात आली, त्या महिन्यात ज्वारी काय भावाने होती आणि मजुरी किती पडत होती, हे कोणी विचारले नाही. प्रस्थापित समीक्षकाने विचारले नाही याचे नवल वाटत नाही. त्याच्या घरी वर्षाचे धान्य एकदम भरले जाते. नवल वाटते ते आपल्या समीक्षकांचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयांनी शेर-अच्छेराने ज्वारी आणून संसार केले, आणि तरीही भुकेवर लिहिताना आपण तराजू बाजूला ठेवून ‘वेदना’ आणि ‘विद्रोह’ या दोन शब्दांवर काम भागवतो.

‘अक्करमाशी’तील एक प्रसंग सर्वांच्या लक्षात आहे. शरणकुमार लिंबाळे यांची आजी संतामाय जनावरांच्या शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी करून खाते. १९८४ पासून आजपर्यंत या प्रसंगावर जे लिहिले गेले, त्यात किळस, करुणा आणि संताप या तिन्ही प्रतिक्रिया आहेत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा दुष्काळातला प्रसंग नाही. शेणात दाणे येतात ते सुगीच्या दिवसांत. कणसे शेतात आहेत, सुटलेली जनावरे ती खात आहेत, आणि इतकी खात आहेत की दाणा न पचताच बाहेर पडतो आहे. म्हणजे गावात ज्वारी भरपूर आहे. ती संतामायपर्यंत येण्याचा मार्ग मात्र बैलाच्या पोटातून जातो. धान्य नव्हते म्हणून ही बाई उपाशी राहिली असे कोणालाही म्हणता येणार नाही. धान्यावर तिचा हक्क नव्हता आणि ते विकत घ्यायला तिच्या कनवटीला पैसा नव्हता. पहिली गोष्ट जातीची आहे, दुसरी भावाची. आपली समीक्षा पहिल्या गोष्टीवर थांबते.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांवरच्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालविषयी हेच आकड्यांनी मांडले. त्या वर्षी बंगालमध्ये १९४१ पेक्षा धान्य कमी नव्हते, उलट जास्तच होते. तरी लाखो माणसे मेली. ती मुख्यतः खेड्यातले भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर होती. युद्धाच्या पैशाने तांदळाचा भाव चढला आणि मजुरी खालीच राहिली. आपल्याला मात्र ही गोष्ट सेन यांच्याही आधी एका माणसाने सांगितली होती. अण्णाभाऊ साठे यांनी त्या दुष्काळातच ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. शाळेत जेमतेम गेलेल्या मातंग शाहिराला हजार मैलांवरच्या भाताचे प्रकरण आपले का वाटले, याचा विचार आपल्या समीक्षेने करायला हवा होता. पुढे ‘फकिरा’त दुष्काळात माणसे मरताना धान्य लुटून वाटण्याचा प्रसंग येतो, तो केवळ वीरकथेचा भाग म्हणून वाचला जातो. लुटायला धान्य होते, ही त्यातली खरी बातमी आहे.

आता ग्रामीण साहित्याकडे वळू. मराठी ग्रामीण कथा-कादंबरीत अवर्षण वारंवार येते. १९५५ च्या ‘बनगरवाडी’चा शेवटच अवर्षणाने होतो, मेंढरे आणि माणसे वाडी सोडून जातात. त्या दुष्काळाचे चित्र मोठे आहे, पण तो निसर्गाचा दुष्काळ आहे. पाऊस आला नाही, गवत वाळले, माणसे निघाली. त्यात बाजार नाही. बाजार आला तो पुढे, आणि आमच्या वऱ्हाडातून आला. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ सालची. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पिकले नाही तर मरण आणि पिकले तरी भावाने मरण, हे शिकलेल्या कुणब्याच्या पोराचे दुःख तिने जसे मांडले तसे आधी कोणी मांडले नव्हते. या कादंबरीचे मोठेपण मी मान्य करतो. पण त्यात जो भाव आहे तो विकणाऱ्याचा भाव आहे. बैलगाडी घेऊन बाजार समितीत उभा असलेला माणूस तो भाव ऐकतो. त्याच दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन दुकानापुढे उभी असलेली मजूर बाई दुसरा भाव ऐकते. मराठी साहित्यात पहिल्या भावाला कादंबरी मिळाली. दुसरा भाव आत्मकथनांच्या ओळीओळीत विखुरला आहे, त्याला नाव देण्याचे काम समीक्षेचे होते आणि ते झाले नाही.

हे दोन भाव एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे अकोटसारख्या ठिकाणी राहून जितके स्पष्ट दिसते तितके पुण्या-मुंबईहून दिसत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. डोंगराच्या पायथ्याशी केळी-संत्र्याच्या बागा, आणि थोडे खाली गेले की विहिरीचे पाणी खारे, म्हणून पावसावर जे येईल तेच पीक. हा कापसाचा मुलूख आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात रेल्वे आली, आणि ज्वारीच्या रानात कापूस शिरला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर जो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला, तो १८५० ते १९०० या अर्धशतकाचा आहे. त्यातून निघणारी गोष्ट अशी की, जो मुलूख एके काळी आपले धान्य पिकवून उरलेले बाहेर पाठवत होता, तो १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत असहाय झाला. आगगाडीने धान्य येत होते, पण ते घ्यायला हाती काही नव्हते.

वऱ्हाडातला दलित पश्चिम महाराष्ट्रातल्या दलितापेक्षा लवकर रोकड मजुरीत आला. सरकी काढण्याच्या जिनांत, गाठी बांधण्याच्या प्रेसांत, कापूस वेचणीत त्याला पैसा मिळू लागला. ही मुक्तीच होती, यात शंका नाही. बलुत्याचे धान्य म्हणजे खळ्यावर हात पसरणे, शिव्या ऐकणे आणि दिले तेवढे घेऊन परतणे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीच्या विरोधात. दया पवारांनी आपल्या पुस्तकाला ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हा धान्याच्या त्या वाट्याला चिकटलेला सगळा अपमान त्यांनी एका शब्दात उचलला. बलुते गेले हे चांगलेच झाले, आणि गावगाड्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लेखकांशी याबाबतीत तडजोड नाही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बलुत्यात मिळणारे धान्य कमी असे, अपमानाचे असे, पण बाजारात ज्वारीचा भाव दुप्पट झाला म्हणून ते निम्मे होत नसे. रोकड मजुरीत अपमान कमी झाला आणि भावाची टांगती तलवार डोक्यावर आली. पीक बुडाले की बलुते बुडे. आता पीक बुडाले की दोन गोष्टी एकदम होतात: रानात काम नाही, म्हणून मजुरी नाही, आणि धान्य महाग. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गळा आवळला जातो. दलित साहित्यात गाव सोडून मुंबईला जाणे जे इतक्या वेळा येते, त्याचे वाचन या अंगानेही व्हायला हवे. अण्णाभाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाण बंद पडल्यावर स्मशानाकडे वळतो. आधी मजुरी जाते, मग माणूस राख चाळायला लागतो.

१९७२ हे वर्ष याच संदर्भात पाहावे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात शतकातला मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडत होती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तिची चव अजून आठवते, आणि ती आठवण चांगली नाही. मुंबईत महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघाले. पँथरच्या साहित्यावर लिहिताना आपण अमेरिकेतील ब्लॅक पँथरचा, लिटल मॅगझिनचा उल्लेख न चुकता करतो. ज्या वस्त्यांतून पँथरचे कार्यकर्ते आले, तेथे त्या साली ज्वारी कशी मिळत होती याचा उल्लेख आढळत नाही.

आणखी एक योगायोग त्याच वर्षाचा. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. ज्वारीच्या बाबतीत सरकारचे धोरण काय होते? लेव्ही. म्हणजे ठरावीक दराने धान्य सरकारला घालण्याची सक्ती. कापसाला हमी आणि ज्वारीला सक्ती, असे असताना शेतकऱ्याने काय पेरावे? टंचाईच्या काळात धान्य महाग होते, म्हणून पुढच्या वर्षी शेतकरी धान्य पेरील, असे पुस्तकातले अर्थशास्त्र सांगते. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे लागू पडत नाही. पीक बुडालेल्या वर्षी चढलेला भाव त्याला मिळत नाही, कारण त्याच्याकडे विकायला काही नसते. तो भाव ज्याच्या कोठारात गेल्या वर्षीचा माल आहे त्याला मिळतो. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ते कर्ज, आणि कर्ज फेडायला रोकड लागते, म्हणून तो पुन्हा कापूस पेरतो. नव्वदच्या दशकापासून त्यात सोयाबीन आले, २००२ पासून बीटी कापूस. ज्वारी मागे हटत गेली. तिला इतर कारणेही आहेत. १९६४ पासून आलेल्या हायब्रीड ज्वारीचे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडतो, त्याचा कडबाही आखूड. चहूकडे सोयाबीन असताना एकट्याने दोन एकर ज्वारी पेरली तर पाखरे, रोही आणि रानडुकरे सगळी त्याच दोन एकरांवर येतात. राखण करायला माणूस परवडत नाही. म्हणून शेजाऱ्याने सोडली की याला सोडावीच लागते.

ज्वारी गेली तेव्हा मजुराचे काय गेले, हे कृषी विद्यापीठाच्या कोणत्याही हिशोबात सहसा सापडत नाही. ज्वारीच्या सोंगणीला मजुरीचा काही भाग धान्यात मिळे. खुडणी झालेल्या रानात सरवा वेचायला मिळे, आणि सरवा वेचणाऱ्या बायका कोणत्या वस्तीतल्या असत ते सांगायला नको. शेळीला चार पेंढ्या कडबा मिळे. सोयाबीनच्या रानात सरवा वेचून भाकरी होत नाही. कापसाची वेचणी किलोवर मिळते, त्यात पैसा आहे, पण तो दुकानातून परत दुसऱ्याच्या खिशात जातो. म्हणजे मालकाने पीक बदलले, तो त्याच्या परीने बरोबरच वागला, आणि त्या निर्णयाची किंमत धुऱ्यापलीकडच्या वस्तीने भरली. ‘अक्करमाशी’तल्या संतामायला शेणात तरी ज्वारी मिळाली. सोयाबीनच्या शिवारात तीही मिळाली नसती. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

येथे शेतकरी चळवळीचा प्रश्न येतो आणि तो टाळता येणार नाही. १९८० च्या आसपास शरद जोशी यांनी शेतमालाला रास्त भाव हा एककलमी कार्यक्रम मांडला. भाव वाढला की मजुरीही वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी दलित कार्यकर्त्यांनी शंका घेतली, आणि शंका योग्य होती. धान्याचा भाव आज वाढतो, मजुरी वाढली तर दोन वर्षांनी वाढते, मधल्या दोन वर्षांत घरात काय शिजते? पण आपल्या बाजूचा प्रतिवादही पुष्कळदा अर्धाच राहिला. धान्य स्वस्त पाहिजे, एवढे म्हणून भागत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेने गव्हाला फटका बसला आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली. २०२३ साली एल निनोचे सावट पडताच जुलैत बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. शहरातील ग्राहकाला दिलासा मिळाला, शेतकऱ्याने डोक्याला हात लावला. आमच्या वस्तीतला माणूस यात कोठे आहे? ज्याच्याकडे ई-क्लासच्या अतिक्रमणातली दोन एकर जमीन आहे तो दिवाळीत विकणारा असतो आणि आषाढात विकत घेणारा. तो दोन्ही रांगांत उभा आहे. दिवाळीत भाव पडलेला असतो, आषाढात चढलेला. गावातला अल्पभूधारक कुणबीही याच रांगांत त्याच्या पुढे किंवा मागे उभा असतो, एवढे लक्षात घेतले तर गावपातळीवरच्या कामाचे पुष्कळ प्रश्न निराळे दिसतील.

तुरीचे उदाहरण ताजे आहे. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पाऊस कमी पडला, २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. भाव पाहून शेतकऱ्याने तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला बोनससह ५०५० रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारात त्याखाली तूर विकावी लागली. खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. महाग असताना मजुराच्या ताटातले वरण पातळ झाले, स्वस्त झाली तेव्हा शेतकरी बुडाला.

ज्वारीची गत उलट्या दिशेने गेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य ठरले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत झाले. उपासमार टळली याचे श्रेय या कायद्याला दिलेच पाहिजे, त्याला ‘फुकटचे’ म्हणून हिणवणारे लोक कोणत्या घरांतले असतात ते आपण जाणतो. पण पिशवीत आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. शतकभर ज्यांनी कण्या, आंबील, भाकर खाल्ली, त्यांच्या चुलीवरून ज्वारी गेली. आणि २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग होती. त्या वर्षी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २१२५ रुपये आणि ज्वारीचा ३१८० होता. ज्यांच्या घरी पाणी आहे त्यांनी उन्हाळी ज्वारी पुन्हा लावायला सुरुवात केली आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तेही शक्य नाही. गरिबाचे अन्न म्हणून ज्याची लाज वाटायला लावली, ते आता डॉक्टरांच्या सल्ल्याने खाण्याचे अन्न झाले. दलित साहित्यात भाकरी हे प्रतीक म्हणून वापरणाऱ्या तरुण कवींनी एकदा ज्वारीचा भाव विचारून यावा.

हे सगळे समीक्षेत कशासाठी, असे विचारणारे भेटतात. त्यांना १९६४ ची आठवण करून द्यावीशी वाटते. ६ डिसेंबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत संसदेत बाबासाहेबांचे चित्र लावण्याची मागणी होती, पडीक जमीन भूमिहीनांना देण्याची मागणी होती, आणि धान्याचे योग्य वाटप करून वाढत्या भावांवर नियंत्रण ठेवावे हीही मागणी होती. प्रतिमा, जमीन आणि भाव या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. चळवळीने जे एकत्र मांडले होते ते साहित्याच्या चर्चेत वेगवेगळे झाले. प्रतिमेची चर्चा सांस्कृतिक अंकात गेली, जमिनीची चर्चा पक्षाच्या ठरावात गेली, आणि भाव कोणाच्याच वाट्याला आला नाही.

अभ्यासाला हात घालायचा तर वऱ्हाडातूनच सुरुवात करता येईल. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची, अमरावतीकडच्या खेड्यातली. ती दलित कादंबरी नाही, शिंप्याच्या घरातली आहे. पण कौतिकचा संसार ज्या हिशोबावर चालतो तो मजुरीचा हिशोब आहे: आज काय मिळाले आणि आज काय लागते. ‘धग’, ‘जिणं आमुचं’ आणि ‘अक्करमाशी’ शेजारी शेजारी ठेवून वाचली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हा हिशोब पुरुषांच्या तोंडी कमी आणि बायकांच्या हातात जास्त आहे. गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना घरच्या वयस्कर बायांकडून १९७२ च्या मजुरीची माहिती लिहून आणायला सांगितले होते. बहुतेकांनी आणलेल्या उत्तरांत रुपये नव्हतेच. दिवसभराच्या निंदणात किती ज्वारी येई, ती कोणत्या मापाने मोजून मिळे, आणि तिच्यात घरातली किती तोंडे भागत, एवढेच लिहिलेले होते. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, आणि यंदा ‘अक्करमाशी’ शिकवताना त्या वर्गात घेऊन जाणार आहे.